आपल्याच माणसाला विकलेली गाडी

"आपलाच माणूस आहे. नावावर काय, सावकाश करूया की!"

हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही उच्चारले नाही किंवा ऐकले नाही, असा गृहस्थ आपल्या भागात मला कुणी दाखवावा. बेळगाव असो, खानापूर असो, निपाणी असो की हद्दीपलीकडचे चंदगड असो, जुनी मोटारसायकल, स्कूटर किंवा चारचाकी विकायची म्हटली की हे वाक्य येतेच. मागोमाग चहा येतो. चहा होईतो नोटा मोजून होतात, दोन-तीन कोऱ्या फॉर्मांवर सह्या होतात, किल्ली या हातातून त्या हातात जाते आणि व्यवहार पुरा झाला असे दोघेही धरून चालतात. माझे म्हणणे असे की व्यवहार तेव्हा पुरा होत नाही. तेव्हा एक लबाडी सुरू होते. तिला आपण भरवसा, आपलेपणा, माणुसकी अशी भारदस्त नावे देतो, म्हणून तिची अधिकच चीड यायला हवी.

हे मी शिक्षकांच्या खोलीत बोललो तेव्हा आमचे एक सहकारी भडकले. "सर, तुम्ही माणसापेक्षा कागद मोठा करताय," असे म्हणाले. गृहस्थ विद्वान आहेत, शेतकरी घरातले आहेत. त्यांनी मला बैलबाजाराचा दाखला दिला. त्यांचे आजोबा रुमालाखाली बोटे धरून बैलजोडीचा सौदा करत. तोंडातून अवाक्षर नाही आणि तरी कधी कुणी फिरला नाही. ऐकायला फार गोड वाटते. पण त्यांच्या आजोबांच्या बाजारातही सौदा झाला की पावती फाडली जाई, आणि भोवती चार माणसे साक्षीला असत, हे ते सोयीस्कर विसरले. आणखी एक गोष्ट. विकलेल्या बैलाने तीन वर्षांनी कुणाला शिंग मारले तर पहिल्या धन्याच्या दारात कुणी येत नसे. बैलाच्या पाठीवर नंबर नव्हता. गाडीच्या पाठीवर असतो, आणि त्या नंबरापुढे सरकारी दप्तरात एक नाव असते. ते नाव ज्याचे, तो मालक. गाडी कुणाच्या अंगणात उभी आहे, पेट्रोल कोण घालतो, दसऱ्याला झेंडूची माळ कोण बांधतो, हे दप्तराला ठाऊक नसते.

मला हे पुस्तक वाचून कळलेले नाही. किंमत मोजून कळले आहे. म्हणून आधी माझाच गुन्हा सांगतो.

माझी मोटारसायकल २००६ सालची, शंभर सी.सी.ची, के.ए. २२ नंबरची. आठ वर्षे वापरली. २०१४ साली ती विकायला काढली हे कळताच माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. "सर, तुमची गाडी म्हणजे वापरलेली नव्हे, जपलेली," म्हणाला. शिक्षकाला एवढे पुरते. एकोणीस हजारांना सौदा ठरला. पंधरा त्याने रोख दिले, उरलेले चार दोन महिन्यांनी आणून देतो म्हणाला आणि बरोबर दोन महिन्यांनी आणून दिले. मी आर.सी. बुक त्याच्या हाती ठेवले आणि टी.टी. फॉर्मांवर सह्या करून दिल्या. घेणाऱ्याचे नाव कोरे, तारीख कोरी. "एजंटाला देऊन टाक," असे म्हटल्याचे आठवते. त्याच्याकडे पावती मागायला मला लाज वाटली. ज्याला मी बेरीज-वजाबाकी शिकवली त्याच्याकडून मी सही घ्यायची?

पुढे तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला. जाताना गाडी त्याने कारखान्यातल्या एका सोबत्याला विकली. तो चंदगड तालुक्यातला. माझ्या सहीचे कोरे फॉर्म त्याने त्या सोबत्याला दिले. सोबत्याने वर्षभराने गाडी मेहुण्याला दिली, फॉर्मही दिले. कुणी कुणाला फसवले नाही. सगळ्यांनी पैसे चोख दिले. प्रत्येकाने आपल्याच माणसाला गाडी विकली. विम्याची मुदत मात्र २०१५ सालीच संपली होती. ती वाढवण्याचे कुणाच्याच मनात आले नाही, कारण पॉलिसी "सरांच्या नावाची" होती.

डिसेंबर २०१७. उसाच्या गाड्यांचे दिवस. वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला एक बाई बेळगावच्या बाजारात भाजी विकून, एस.टी.तून उतरून, रिकामी बुट्टी डोक्यावर घेऊन कडेकडेने घरी निघाली होती. मेहुण्याने समोरच्या ट्रॅक्टरला बगल देताना तिला उडवले. खुब्याचे हाड मोडले. तो पळून गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यानेच तिला दवाखान्यात पोचवले. पण तिला भरपाई हवी होती, तिचा तो हक्क होता, आणि भरपाई मागायची ती गाडीच्या मालकाकडून. २०१८ च्या मार्चमध्ये, एस.एस.एल.सी. परीक्षेची धावपळ चालू असताना, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस शाळेच्या पत्त्यावर माझ्या हातात पडली. प्रतिवादी क्रमांक एक : मी.

चार वर्षांत मी त्या गाडीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. मला वाटले, हे दहा मिनिटांत निस्तरेल. वकिलांनी एकच विचारले, "सर, विकल्याचे आर.टी.ओ.ला कळवले होते काय?" मी गप्प. मग त्यांनी नुकत्याच लागलेल्या एका निकालाची हकिकत सांगितली. प्रकरण उत्तरेकडचे. मालकाने २००७ साली मोटार विकली. ती आणखी दोघा-तिघांच्या हातून फिरली. २००९ साली अपघात झाला, त्यात एक जीव गेला. दप्तरात नाव अजून पहिल्याचेच. उच्च न्यायालयाने त्याला सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत तो निर्णय फिरवला आणि भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावे वाहन नोंदले आहे तो, असे स्पष्ट आहे. न्यायालयाचे कारण असे की, गाडी कुणी कुणाला विकली याची साखळी शोधत फिरण्याचे ओझे अपघातात सापडलेल्याच्या डोक्यावर टाकता येत नाही.

हे कारण मला तेव्हा अन्यायाचे वाटले. कोर्टाच्या आवारात ती बाई भेटली तेव्हा वाटेनासे झाले. बाकावर काठी टेकून बसली होती, शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. मी माझी ओळख सांगून टाकली, कारण न सांगता तिथे उभे राहणे मला जमेना. तिने माझ्याकडे पाहिले. आवाजात राग नव्हता. खरोखरच माहीत करून घ्यायचे असल्यासारखे तिने विचारले, "गाडी यारदु री, सर?"

गाडी कुणाची? ती माझी नव्हती, मी विकली होती. ती विद्यार्थ्याची नव्हती, त्यानेही विकली होती. सोबत्याने ती देऊन टाकली होती. आणि मेहुणा सांगत होता की पुस्तकावर आपले नाव नाही. चौघेही सभ्य, चौघेही शब्दाचे पक्के, आणि चौघांत मिळून त्या गाडीला मालक नव्हता. मी तीस वर्षे वर्गात उभा राहून उत्तरे दिली आहेत. त्या दिवशी दिले नाही.

२०१९ च्या लोकअदालतीत पावणेतीन लाखांवर तडजोड झाली. पस्तीस हजार मेहुण्याने भरले. चाळीस हजार माझ्या विद्यार्थ्याने न मागता पुण्याहून आणून दिले, देताना रडला. दोन लाख मी भविष्य निर्वाह निधीतून उचलले. माझे दोन लाख गेले याचे दुःख मी करत नाही. बाईला पैसे मिळायला पावणेदोन वर्षे लागली आणि तोवर तिच्या मुलाची शाळा सुटली, याचे करतो. तो मुलगा कन्नड शाळेतला होता. माझ्या शाळेतला असता तरी मी काय केले असते कोण जाणे.

आता कायदा नेमके काय मागतो ते पाहा, म्हणजे आपला आळस किती स्वस्त सबबींवर पोसला आहे ते कळेल. कलम ५० सांगते : गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत तसे कळवायचे; घेणाऱ्याने तीस दिवसांत. विकल्याची सूचना तो फॉर्म २९, नावावर करण्याचा अर्ज तो फॉर्म ३०. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवायचा. बस्स. लोकांना वाटते की नावावर करून घेणे हे घेणाऱ्याचे काम, त्याने केले नाही तर तो जाणे. सपशेल चूक. कळवण्याचे कर्तव्य विकणाऱ्याचेही आहे, आणि ते त्याच्याच गळ्यातला फास सोडवण्यासाठी आहे. कोरा फॉर्म सही करून देणे म्हणजे तोच फास दुसऱ्याच्या हाती देऊन निर्धास्त झोपणे. नोटरीसमोर स्टॅम्प पेपरावर "आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची" असे लिहून घेणारे स्वतःला फार हुशार समजतात. तो कागद फार तर दोघांमधल्या भांडणात कामाला येईल. रस्त्यावर पडलेल्या तिसऱ्या माणसाने त्या कागदावर सही केलेली नसते.

विम्याबद्दलही असाच घोळ. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की तिसऱ्या माणसासाठीचा विमा गाडीबरोबर घेणाऱ्याकडे गेला असे धरले जाते. घेणाऱ्याने चौदा दिवसांत कंपनीकडे नाव बदलून घ्यायचे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असा आपोआप जात नाही. नाव न बदलता हप्ता भरत राहणारा महाभाग, गाडी चोरीला गेली की कंपनीच्या दारात जाऊन "मीच मालक" म्हणून ओरडतो. कंपनी विचारते, कशावरून?

इथवर जे लिहिले ते पुण्या-मुंबईच्या वाचकालाही लागू आहे. आपल्या भागाचा रोग याहून वेगळा आहे.

बाची ओलांडून शिनोळीत शिरले की महाराष्ट्र लागतो. आपले सोयरे तिकडे, शेत तिकडे, बाजार इकडे. त्यामुळे के.ए. २२ च्या गाड्या चंदगडात वर्षानुवर्षे धावतात आणि एम.एच. ०९ च्या बेळगावात. दुसऱ्या राज्यात गाडी विकायची तर इथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, फॉर्म २८, लागतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी त्या राज्यात राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो. इथे भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण मागायला कोण जातो? नवा कर वाचवायचा म्हणून गाडी जुन्याच नावावर ठेवायची, ही खरी मेख आहे. मला आलेल्या नोटिसीच्या मुळाशीही हेच होते. सोबत्याने हिशेब केला, कर नकोसा वाटला, गाडी माझ्या नावावर राहिली.

याचे समर्थन कसे होते ते ऐका. आमचे एक स्नेही, चळवळीत लाठ्या खाल्लेले, मी ज्यांच्या पाया पडतो असे, ते म्हणाले, "सर, आपल्याला ही सीमाच मान्य नाही, मग एन.ओ.सी. कसली मागता?" सगळे हसले. मीही हसलो असतो. पण मला ती काठी दिसली. सीमा मान्य नसणे ही आपली भूमिका आहे. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो त्याच भूमिकेवर. ती भूमिका कर बुडवायला वापरणे म्हणजे देवळाच्या घंटेला वरवंटा करून चटणी वाटणे. ज्या प्रश्नासाठी माणसांनी जीव दिले, त्याची किंमत आपण एका जुन्या मोटारसायकलीच्या कराएवढी केली. याचा राग मला येतो आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

दुसरी सबब भाषेची. "कचेरीत सगळे कन्नड, आपल्याला काय कळते वो!" सरकारी कागद मराठीतही मिळावेत म्हणून निघालेल्या मोर्चांत मी चाललो आहे, पुढेही चालेन. भाषिक अल्पसंख्याकांचा तो हक्क आहे. पण फॉर्म २९ आणि ३० हे केंद्राच्या १९८९ च्या नियमांतले, मुळातले इंग्रजी. त्यांत नाव, बापाचे नाव, पत्ता, गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, तारीख, सही एवढेच असते. ज्या घरातला मुलगा इंजिनिअर आहे त्या घराला एवढे इंग्रजी येत नाही? आपण मराठीत कागद मागतो आणि इंग्रजीतला कागद कोरा ठेवतो. उद्या मराठीत फॉर्म छापून आले तरी आपण ते कोरेच ठेवू. निदान मला तशी दाट शंका आहे.

कचेरीची वकिली मी करणार नाही. खेटे घालावे लागतात, एजंटाशिवाय फाईल हलत नाही असा अनुभव अनेकांचा आहे, आणि शेतातले काम टाकून दोनदा बेळगावला येणे कुणाला परवडत नाही. हे सगळे खरे. आता अर्ज परिवाहनच्या संकेतस्थळावर भरता येतो म्हणतात, पण त्याचा ओटीपी ज्या मोबाईलवर जातो तो नंबर दहा वर्षांपूर्वी बंद झालेला असतो. यावर तक्रार करावी, भांडावे, वर्तमानपत्रात लिहावे. पण कचेरी वाईट आहे म्हणून तिसऱ्याच माणसाला मालक करून ठेवायचे, हे कुठल्या न्यायशास्त्रात बसते?

जुन्या गाड्यांची दुकाने मांडून बसलेल्यांवर केंद्राने निदान काही बंधन घातले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा विक्रेत्याने परवानगी घ्यायची आणि गाडी ताब्यात आली की तसे कळवायचे. पण तुमच्या-माझ्या अंगणात, चहाच्या कपावर जे होते, त्याला दोघांची शुद्ध बुद्धी सोडून दुसरा पहारेकरी नाही.

मेलेल्या वडिलांच्या नावावरच्या स्कूटरींबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. एवढेच सांगतो, तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाने नावावर करून घ्यायची. आमच्या गल्लीत एका स्वर्गवासी गृहस्थांना हेल्मेट न घातल्याबद्दल दंडाची चलने अजून येतात.

आणि माझे काय झाले, ते सांगून थांबतो.

गेल्या वर्षी मी माझी चारचाकी विकली. घेणारे आमचे शेजारी, वीस वर्षांचा घरोबा. आमच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे राहिलेले गृहस्थ. भाव ठरला, इसार दिला, चहा आला. आणि ते म्हणाले, "नावावर काय, करूया की सावकाश." मी म्हटले, "नाही. उद्या दोघे मिळून जाऊ. अर्ज दाखल होईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील." त्यांना आधी वाटले, थट्टा करतो आहे. मग त्यांचा चेहरा उतरला. वहिनी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आमच्यावर विश्वास नाही होय?" मी त्यांना त्या बाईची गोष्ट सांगायला हवी होती. सांगितली नाही. फक्त "तसे नव्हे" एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. स्कूटरवर दोघे, जाताना एक शब्द नाही. फॉर्म मी भरले, सह्या झाल्या, शुल्क अर्धे-अर्धे दिले, पोच घेतली, तिच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि एक त्यांना दिली. ती त्यांनी घडी न घालता खिशात कोंबली. महिन्याभरात गाडी त्यांच्या नावावर झाली. मोबाईलवर नंबर टाकून पाहिला, तेव्हा फुल्यांनी झाकलेल्या नावातली उघडी अक्षरे त्यांची होती.

त्या दिवाळीत त्यांच्या घरून फराळाचे ताट आले नाही. आम्ही पाठवले. दुसऱ्या दिवशी ताट धुऊन परत आले. आपल्याकडे रिकामे ताट परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. साखर नव्हती. ही काहीशी चिडून बोललेली बायको, आणि मी, दोघेही त्या ताटाकडे बघत राहिलो.

यंदाही पाठवणार आहोत. चकली तिची चांगली होते, आणि शेजाऱ्यांना ती आवडते.